तिसरी तार

३ जून

दादा,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांतलं पहिलं, आणि त्यात प्रश्न एकच: चाळीस दिवसांच्या दौऱ्यावर गिटारचा जुना अ‍ॅम्प न्यावा की नवा. बरं वाटलं. या प्रश्नाचं उत्तर देता येतं.

दोन्ही वर्कशॉपमध्येच आहेत. जुना, म्हणजे बाबांचा, भिंतीकडच्या फळीवर खोळीत. नवा, म्हणजे त्यांनी तुझ्यासाठी आणला होता तो, पुन्हा खोक्यात.

वजन. जुना एकतीस किलो, नवा एकोणीस. तुझी पाठ तुला माहीत.

जुन्यात छापील बोर्ड नाही. एकेक वायर कुणीतरी हाताने वळवून डाग दिलेली आहे. बिघाड झाला तर डोळ्यांना दिसतो, आणि कुठलाही बरा मेकॅनिक तासाभरात काढतो. नव्यात काचेच्या व्हॉल्व्हची बैठकसुद्धा बोर्डावरच आहे. व्हॉल्व्ह तापले की बोर्ड तापतो, चार-पाच वर्षांत डाग सुटायला लागतात. चाळीस दिवसांत काही होणार नाही.

जुन्याला एकच आवाज. वाढवत नेला की फाटतो, आणि त्या फाटण्यासाठीच लोक त्याच्यामागे वेडे होतात. पण तिथवर जायचं तर पुढच्या तीन रांगा उठून जातील इतका मोठा करावा लागतो. नव्यात स्वच्छ आणि फाटका असे दोन आवाज वेगळे आहेत, पायाने बदलता येतात, आणि हळू वाजवतानाही फाटका तो फाटकाच राहतो. ड्रमशेजारी उभं राहून दोघांतला फरक तुला ऐकू येईल. तिकीट काढून आलेल्याला येणार नाही.

शिवाय रोज नवं सभागृह म्हणजे रोज नवा प्लग. कुठे अर्थिंग असतं, कुठे नुसतंच तिसरं भोक असतं.

माझं मत: नवा ने. जुना सध्या चालू स्थितीत नाही.

आई बरी आहे. गोळ्या वेळेवर घेते. तुझं पत्र आल्याचं तिला सांगितलेलं नाही.

तुझी बहीण

१९ जून

दादा,

'चालू स्थितीत नाही म्हणजे नक्की काय? मीटर आहेस ना तू, मग आकडा सांग, डॉक्टरसारखं मोघम बोलू नकोस,' असं तू लिहिलंस. मीटर हे नाव तू सोडून आता कुणी घेत नाही. बाबा घ्यायचे, गिऱ्हाइकासमोर सुद्धा.

तर आकडे. जुना चालू आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं ते खरं नव्हतं. पाठवायचा नव्हता, म्हणून लिहिलं.

तू विचारतोस, तो मूळ स्थितीतच आहे ना. होता. परवापर्यंत होता. तुला आठवत असेलच, तीन वर्षांपूर्वी तूच मला लिहिलं होतंस, की बाबांनी सुधारणा करून करून त्याचा जीव घेतलाय, तू तो गुपचूप पहिल्यासारखा करून दे, अस्सल आवाज हवा. बाबांनी तो बंद पडलेल्या नाचघरातून आणला तेव्हा त्याला दोन तारांची वायर होती. आणल्याच्या दिवशी त्यांनी ती कापली आणि तीन तारांची बसवली, तिसरी अर्थिंगची. आतला एक कंडेन्सरही काढून टाकला. काढलेला पार्ट फेकायचा नाही, हा त्यांचा नेम. कागदात गुंडाळून, वर तारीख घालून, बिस्किटांच्या डब्यात. तो डबा उघडून मी दोन संध्याकाळी बसले आणि तुला हवं तसं करून दिलं. बाबा तेव्हा डोळ्यांच्या तपासणीला जायचे.

परवा मी ते सगळं पुन्हा उलटं केलं. दोन तारांची वायर काढली, तीन तारांची घातली. कंडेन्सर काढला. चॅसिसपासून, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्यापासून, प्लगच्या अर्थ पिनेपर्यंत ०.१ ओहम. विजेची गळती मोजण्याइतकीही नाही. आता तो मूळ नाही. मूळ नसलेला नको असेल तर तसं कळव, मला वाईट वाटणार नाही.

काम करत होते तेव्हा आई जिना उतरून दाराशी आली. दारातच थांबते. त्या दिवसापासून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं नाही तिने.

"तो कशाला काढलास?"

"सर्व्हिसिंग."

"गिऱ्हाइकाचा आहे का?"

"नाही."

"मग झाकून ठेव." ती जायला वळली आणि पुन्हा फिरली. "त्याचं पत्र आलंय ना? पोस्टमन मलाच विचारून गेला, वर देऊ की खाली देऊ."

"आलंय."

"विचार त्याला, झोप लागते का रे म्हणावं."

मी विचारत नाही. तिने सांगितलं ते फक्त कळवते. तिच्या डोक्यात तो दिवस तसाच आहे: अकरा वाजता तुझा फोन आला, पाऊण तास तू आणि बाबा भांडलात, बाबांनी फोन ठेवला, आणि पुढच्या तासाभरात बाबा गेले. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदय बंद पडलं एवढंच लिहिलं. उरलेलं आईने लिहिलं.

नवाच ने, हे माझं मत अजून तेच आहे.

तुझी बहीण

२ जुलै

दादा,

तुझ्या बँडमधला बेसवाला आज सकाळी गाडी घेऊन हजर झाला. येतोय असं आधी कळवलं असतंस तर बरं झालं असतं. दाराची चौकट भरून टाकणारा माणूस आहे तो. आत आला आणि पहिलं वाक्य:

"तुम्हीच का मीटर?"

"काय हवंय?"

"बापरे. तो म्हणाला होता तसंच. 'काय हवंय' असं विचारेल म्हणाला, पाणीबिणी नाही विचारणार."

मी पाणी दिलं.

"अ‍ॅम्प न्यायचाय, ताई. जुना. तो म्हणाला, ती टाळाटाळ करेल, तू हलू नकोस. मी हलत नाही. एकदा बसलो की मला हलवायला चार माणसं लागतात."

"अजून एक चाचणी बाकी आहे."

"करा की. मी बघतो. मला कळत काही नाही, पण बघायला आवडतं."

मी अ‍ॅम्प चालू केला. त्याने कोपऱ्यातली गिटार उचलून जोडली. बाबांची होती. मी नको म्हणायच्या आत त्याने एक सूर छेडला आणि हातातलं काम थांबवून मला ऐकावं लागलं. मग म्हणाला, "आता कळलं तो रडतो का यासाठी."

"रडतो?"

"म्हणजे तसं नाही हो. हट्ट. नवा घे, नवा घे, आम्ही सगळे सांगून थकलो. पण ताई, एक विचारू का? तुमच्या भावाचं फोनचं काय आहे?"

"काय आहे?"

"उचलतच नाही. कुणाचाच. आयोजकाचा नाही, माझा नाही. मेसेज करा म्हणतो. नाहीतर पत्र. आजकाल पत्र कोण लिहितं! एकदा मी चिडलो, म्हटलं, अरे बाबा, बोलायला काय होतं? तर म्हणतो, मी फोनवर बोललो की माणसं मरतात." तो हसला. "आम्ही सगळे हसलो. तोही हसला. पण उचलत नाही तो नाहीच. दोन मोठी कामं गेली त्यापायी. मागच्या वर्षी ती मुलगी होती ना, ती पण गेली. म्हणाली, दूर असताना ज्याच्याशी बोलताच येत नाही..." इथे तो एकदम थांबला. "हे मी सांगायला नको होतं. सांगू नका हं मी बोललो म्हणून."

मी सांगते आहे.

त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. चाचणी पुरी झालेली नाही असं म्हणाले. मीटर त्याच्यासमोर टेबलावर होतं आणि त्यावरचा आकडा बरोबर होता. जाताना तो म्हणाला, "तो ओरडेल मला." मी म्हणाले, "फोनवर तर नाही ना ओरडणार." त्याला हसू आलं. मला ते बोलायला नको होतं.

उद्या पुन्हा लिहिते.

३ जुलै

दादा,

हे पत्र एकटा असताना वाच.

बाबा तुझ्याशी भांडले म्हणून गेले नाहीत. विजेच्या धक्क्याने गेले. धक्का जुन्या अ‍ॅम्पचा होता, आणि तो तसा जोडलेला होता तो मी जोडल्यामुळे.

क्रमाने सांगते. नाहीतर मी काहीतरी गाळेन.

मूळ रचनेत विजेच्या एका तारेपासून चॅसिसपर्यंत एक कंडेन्सर असतो. गुणगुण कमी व्हावी म्हणून टाकायचे. तो धड असेल तर फार तर बोटाला झिणझिण्या येतात. तो आतून शॉर्ट झाला आणि प्लग उलटा बसला, तर अख्खं चॅसिस फेजवर येतं, म्हणजे त्यात वीज उतरते. चॅसिसला जोडलेल्या गिटारच्या तारासुद्धा. अर्थिंगची तिसरी तार असती तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता. ती नसली तर काहीच उडत नाही. अ‍ॅम्प उत्तम वाजत राहतो.

बाबांनी डब्यात ठेवलेला तो कंडेन्सर मी बसवण्याआधी तपासला होता. मीटरने ठीक दाखवला. मीटर नऊ व्होल्टवर मोजतं. भिंतीत दोनशे तीस असतात. नऊवर शहाण्यासारखा वागणारा पार्ट दोनशे तीसवर फुटू शकतो, हे मला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं, त्यावर परीक्षेत प्रश्नही आला होता, आणि मी पूर्ण गुण मिळवले होते.

वर्कशॉपचा नियम तुला आठवतो का? तू फार वेळ खाली बसायचा नाहीस, म्हणून सांगते. उघडलेल्या सेटला लाल चिठ्ठी बांधायची, आणि गळती मोजल्याशिवाय ती सोडायची नाही. बाबांनी मी दहा वर्षांची असताना शिकवलं. मी चिठ्ठी बांधली नाही. बांधली असती तर त्यांनी विचारलं असतं, हा कुणी उघडला. गुपचूप करायचं होतं ना.

त्या दिवशी तुमचा फोन झाला तेव्हा मी तिथेच होते. तू जुना मागत होतास, ते नवा ने म्हणत होते. तू म्हणालास, तुम्हाला माझं वाजवणं कधी ऐकूच आलं नाही. ते म्हणाले, ओंडका वाहायची हौस आहे तर वाहा. मी पावणेबाराला व्हॉल्व्ह आणायला बाहेर पडले. पाऊण वाजता परत आले.

ते स्टुलाशेजारी जमिनीवर होते. गिटारचा पट्टा खांद्यात. बाकावर दोन्ही अ‍ॅम्प शेजारी शेजारी मांडलेले, दोन्हींचे दिवे लागलेले. गिटार जुन्याला जोडलेली होती. वही उघडी होती. त्यांनी पान मधोमध रेघ मारून विभागलं होतं. नव्याच्या बाजूला लिहिलं होतं: 'स्वच्छ. थोडा कोरडा. पोराची पाठ वाचेल.' जुन्याच्या बाजूला: 'व्हॉल्यूम ५, टोन ६,' आणि पुढे काही नाही.

म्हणजे फोन ठेवल्यावर ते तुझ्यासाठी दोन्ही वाजवून बघत होते. चिडलेला माणूस तसं करत नाही. चिडले असते तर फळीवरून काढलाच नसता. हे मी गेली तीन वर्षं ओळखून आहे.

डावा हात तारांवर असताना उजवा हात नव्याच्या पॅनलला लागला असणार. नव्याचं अर्थिंग अगदी नीट होतं, म्हणूनच वाट पूर्ण झाली. एका हातातून आत, दुसऱ्यातून बाहेर, मध्ये छाती.

मी आधी त्यांना हात लावला नाही. आधी तारांना टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मग प्लग ओढला, मग त्यांच्याजवळ बसले. नाडी नव्हती. हात गार पडायला लागले होते. तरी छाती दाबली, किती वेळ ते मोजलं नाही. मग उठले, जुना खोळीत घालून फळीवर ठेवला, नवा खोक्यात घातला, वही खणात टाकली. आणि मग वर जाऊन आईला हाक मारली.

डॉक्टरांनी बोटं पाहिली. दोन्ही हातांवर एकेक बारीक काळा डाग होता. "हे काय?" त्यांनी मला विचारलं.

"सोल्डरिंगचे चटके. रोजचेच."

त्यांनी मान हलवली. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनीच दिलेल्या होत्या. माझ्या शब्दावर विश्वास न ठेवण्याचं त्यांना काही कारण नव्हतं.

संध्याकाळी आईने तुला फोन लावला. मी तिच्या शेजारी उभी होते. ती म्हणाली, "तू मारलंस त्यांना." रिसीव्हर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मला त्यात तुझा श्वास ऐकू येत होता. मी भांडी आवरायला गेले.

तू दोन दिवस येऊन गेलास, आई तुझ्याशी बोलली नाही, तू जाताना मला म्हणालास, "निदान तू तरी सांग, मी काय करायला हवं होतं?" मी म्हणाले, "काही नाही." ते उत्तर बरोबर होतं. तुला ते कळण्यासारखं मी सांगितलं नाही, एवढंच.

का सांगितलं नाही याला कारण आहे पण ते चांगलं नाही. आईने दोष कुणालातरी देऊन टाकला होता, आणि तो मला नव्हता. पहिल्या दिवशी सांगणं अवघड होतं. दहाव्या दिवशी त्याहून. मग तू येईनासा झालास आणि मी ठरवलं की तुला त्याचं काही वाटत नसावं. बेसवाल्याने काल सांगेपर्यंत मी तसंच धरून चालले होते. ते सोयीचं होतं.

तू मूळ स्थितीत मागितलास, हा तुझा वाटा असं मनात आणू नकोस. तुला यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. मागणाऱ्याला नाही म्हणणं हे माझं काम होतं.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर: जुना. नवा त्याच्या आसपासही येत नाही, आणि तिकीट काढून आलेल्यालाही फरक कळतो. आता तो सुरक्षित आहे. मी सहा वेळा मोजला आहे, दोनशे तीसवर.

पुढे काय करायचं ते तू सांगशील तसं करेन.

१६ जुलै

दादा,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ होती. 'आईला तू सांगणार की मी सांगू?'

मी सांगितलं. काल सकाळी, ती कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा. तुला लिहिलं त्याच क्रमाने. चटक्यांचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. मग तिने हातातली घडी पुरी केली.

"दुखलं असेल का त्यांना?"

"माहीत नाही."

"तुला तर सगळं मोजता येतं."

"हे नाही येत."

"आणि त्याला मी..." तिने पुढचा कपडा ओढला. "तू शेजारी उभी होतीस."

"हो."

"माझ्या शेजारी उभी होतीस गं तू."

मी पुन्हा हो म्हणाले.

ती उठली, जिना उतरली आणि वर्कशॉपमध्ये आत गेली. मी दारात थांबले. तिने विचारलं, कुठला. मी दाखवला. "आता हात लावला तर काही होत नाही ना?" नाही म्हणाले. तिने खोळ काढून दोन्ही हात त्यावर ठेवले. मग म्हणाली, "मी जाते त्याच्याकडे." सोडायला येऊ का, विचारलं. नको म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

बस परवा दुपारी पावणेचारला पोहोचते. हे पत्र तुला उद्याच मिळावं, म्हणून तिच्या हाती न देता कुरिअरने पाठवते आहे. जुना अ‍ॅम्प ती बरोबर आणते आहे. सामानाच्या कप्प्यात ठेवायचा नाही, म्हणून त्याच्यासाठी शेजारची वेगळी जागा तिने स्वतःच जाऊन काढली. उतरवताना तिला उचलू देऊ नकोस.

पांढरी गोळी सकाळी उपाशीपोटी, गुलाबी जेवणानंतर. संध्याकाळची अर्धी आहे, तोडून वेगळ्या पुडीत घातल्या आहेत. डावा गुडघा दुखतो, पण विचारलंस तर नाही म्हणेल. जिना असेल तर हात दे.

डॉक्टरांकडे आज जाऊन आले. दाखल्यावरचं कारण चुकीचं आहे, आणि ते मी लपवलं होतं, हे सांगितलं. ते वर लेखी कळवणार आहेत. चौकशी झाली तर तुलाही विचारतील. आहे तसं सांग.

बसमधून उतरल्यावर ती पहिल्यांदा काही बोलणार नाही. तुझ्याकडे बघणारही नाही कदाचित. तूच पुढे हो.

माझा विषय काढू नकोस. तिने आपण होऊन काढला, तर ती जे म्हणेल ते मला जसंच्या तसं लिहून पाठव. मला वाईट वाटेल म्हणून त्यातला एकही शब्द गाळू नकोस.